नूतनच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस

दार उघडल्याउघडल्या पलंगावर दोन हंस दिसले. पांढऱ्या टॉवेलांचे घडवलेले, चोचीला चोच लावून बसलेले, आणि भोवती गुलाबाच्या पाकळ्यांचा मोठा बदाम. सामान घेऊन आलेला फेटेवाला माणूस हात जोडून म्हणाला, "हॅपी ॲनिव्हर्सरी, मॅडम," आणि माझ्या खांद्यावरून मागे व्हरांड्यात बघत राहिला. साहेब कुठे राहिले ते त्याला कळेना.

साहेबांच्या जागी मी होते. वय साठ, पायात नवेकोरे बूट आणि खांद्याला थालीपिठाच्या भाजणीचा डबा असलेली पिशवी.

"साहब नहीं आये," नूतन म्हणाली. "ये मेरी जेठानी हैं."

त्याने एकदा हंसांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मुजरा करून निघून गेला. मी पलंगावर बसून पोट धरून हसले. नूतन हसली नाही. "बुकिंगमधलं बदलायचं राहिलं," एवढं म्हणून तिने हंसांच्या माना धरल्या आणि दोन्ही टॉवेल नेऊन बाथरूममध्ये टांगले.

नूतन माझी धाकटी जाऊ. पुण्याची, एका औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मी महाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. आमच्यात भांडण कधीच नव्हतं, पण लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत तिने माझ्या कोलंबीच्या खिचडीला "जरा तेलकट आहे ना?" असं म्हटलं होतं, आणि मी ते पंचवीस वर्षं नीट जपून ठेवलं होतं. अशा बाईचा एक दिवस फोन आला. "वहिनी, आमची राजस्थानची ट्रिप ठरली होती. जयपूर, जोधपूर, मध्ये एका खेड्यात मुक्काम, मग उदयपूर. घाईगर्दी नाही, सगळं निवांत. श्रीरंगला काम निघालंय. तुम्ही येता का?"

मी लगेच ओळखलं. हिला आपला थाट बघायला कुणीतरी हवंय! एक्स्चेंजमध्ये जन्म गेल्यामुळे आवाजावरून माणूस ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. मी "येते" म्हटलं आणि निघतानाच मनाशी ठरवलं, कशालाही 'अय्या' म्हणायचं नाही.

ते फार जड गेलं. जयपूरचं हॉटेल म्हणजे कुठल्याशा सरदाराची हवेली. अंगणात मोर हिंडत होते, जिन्याला संगमरवर, आणि न्हाणीघर आमच्या महाडच्या माजघराएवढं. संध्याकाळी एक मुलगी उशी कशी हवी ते विचारायला आली. मऊ, कडक, पिसांची, गव्हाच्या कोंड्याची. आयुष्यात मी जावई निवडला, सून निवडली, पण उशी कधी निवडली नव्हती. मी खूप विचार केल्यासारखं करून "कोंड्याची" म्हणाले, आणि रात्रभर कानाखाली कुणीतरी धान्य पाखडतंय असं ऐकत पडले. सकाळी नूतनने विचारलं तेव्हा म्हटलं, "फारच छान. घरी पण आणावी म्हणते."

न्याहारी बागेत होती. नूतनने चहाचा कप हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला.

"वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

"सांग की. पण आधी तो पोपट बघ. तो बघ, कारंज्यावर!"

तिने पोपट पाहिला. मग तिथे अजून पोपट आले. मग आमलेट आलं. मग मी तिला महाडला आमच्या परसात पोपट पेरवांची कशी नासाडी करतात ते सांगितलं. तिचं सांगायचं राहून गेलं. मला वाटलं, काय सांगणार असेल, नवीन गाडी घेतली असेल.

नूतनला काही बघायचं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी. आमेरच्या किल्ल्यात ती एका झरोक्यात बसली आणि उठलीच नाही. मी एकटी सगळे महाल फिरून आले, गाइडला इतके प्रश्न विचारले की शेवटी तो पाणी प्यायला जातो म्हणून गेला तो आलाच नाही. परत आले तर ती तिथेच.

"अगं, आरसेमहाल बघितला नाहीस?"

"इथून छान दिसतंय."

मी मनात म्हटलं, शिष्टपणा! हिचं सगळं आधीच बघून झालेलं, आपण आपले गावाकडचे.

जोधपूरच्या वाटेवर गाडीत तिने मला अचानक विचारलं, "तुम्ही लग्न होऊन महाडला आलात तेव्हा श्रीरंग केवढा होता?"

आता हा माझा आवडता विषय. सासूबाई आधीच गेल्या होत्या. मी आले तेव्हा रंगा दहा वर्षांचा, गुडघे फुटलेला, केस न विंचरलेला. मला आई म्हणावं की वहिनी म्हणावं हे त्याला कळत नसे, म्हणून तो सुरुवातीला नुसतंच "अगं ए" म्हणायचा. गोवर आला तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून कसा झोपायचा, पहिल्या पगाराची साडी कशी आणली, ती मला आखूड झाली तरी मी कशी नेसले. पाली जिल्हा लागेपर्यंत मी रंगाचं कौतुक करत होते. राजस्थानातल्या पालीबद्दल बोलतेय मी, म्हणजे बरंच अंतर झालं.

"असा दीर मिळायला भाग्य लागतं," मी म्हटलं. "आणि असा नवरा मिळायला तर त्याहून. खरं की नाही?"

ती खिडकीतून बाहेर बघत होती. "उन्हामुळे डोकं दुखतंय," म्हणाली. मी तिला माझ्या पिशवीतला आलेपाक दिला.

जोधपूरच्या हॉटेलात तर कहर झाला. गच्चीवर जेवायला बसलो, समोर किल्ला, आणि तीन वादक आमच्या टेबलाशी येऊन वाढदिवसाचं गाणं म्हणायला लागले. दोघींच्या गळ्यात झेंडूचे हार पडले. मी उठून चारी दिशांना नमस्कार केला. शेजारच्या टेबलावरच्या गुजराती मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मला इतका चेव आला की वेटरकडून फोटो काढून घेतला, मी नूतनच्या खांद्यावर हात टाकलेला, आणि 'टिपणीस परिवार' या आमच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं: 'पंचविसाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा! नवरदेव ऐनवेळी बदलला आहे, सर्वांनी नोंद घ्यावी.'

महाड, पेण, ठाणे, सगळीकडून हसरे चेहरे आले. माझ्या यजमानांनी अंगठा पाठवला. ते सहसा तेवढंही करत नाहीत. मी तो फोन नूतनसमोर धरला. तिने वाचलं आणि हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला.

"मस्त लिहिलंय," ती म्हणाली. हा आवाज मी ओळखायला हवा होता.

त्यानंतरचा मुक्काम खेड्यातला. उदयपूरच्या अलीकडे, तळ्याकाठी एका ठाकुराचा जुना शिकारबंगला होता, त्याचं आता हॉटेल केलेलं. आजूबाजूला मक्याची रानं, पळसाची झाडं, तळ्यात करकोचे. तिथे करायला काही म्हणजे काहीच नव्हतं, आणि त्याचीच तर ते लोक जाहिरात करत होते. दुपारी नूतन खोलीत पडली. मी तळ्याकाठच्या दगडावर बसून करकोच्यांच्या हालचालींवर लक्ष ठेवून होते, तेवढ्यात रंगाचा फोन आला.

"वहिनी, तू नूतनबरोबर गेली आहेस?"

"मग! तुला वेळ नाही, म्हटलं आपण जावं. काय जागा आहे रे—"

"ग्रुपवर फोटो बघितला. म्हणजे तिने तुला सगळं सांगितलंय."

इथे माझा स्वभाव आडवा आला. 'मला ठाऊक नाही' हे वाक्य माझ्या तोंडातून कधी निघत नाही. रस्ता माहीत नसला तरी मी लोकांना पत्ता सांगते. त्यामुळे मी म्हटलं, "हो तर. सांगितलंय ना."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याने सोडलेला श्वास मला इथवर ऐकू आला. "मला तोंड नव्हतं तुला सांगायला. दादाला एवढ्यात काही बोलू नकोस. मी बाणेरला राहतोय हेही त्याला माहीत नाही."

बाणेरला? मी मनात म्हटलं, बाणेरला काय आहे? "बरं," मी म्हणाले.

"गणपतीनंतर निघालोच मी घरातून. ओढून ताणून किती दिवस राहायचं? अपर्णाच्या इथे आहे. नाव सांगितलं असेल तिने."

"सांगितलं."

"तुला ती आवडेल, वहिनी. खरंच सांगतो."

माझ्यासमोर एक करकोचा एका पायावर उभा होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. रंगा बोलतच होता. इतका मोकळा तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. मग त्याने मुद्द्याला हात घातला.

"आशूच्या लग्नाचं म्हणत होतो." आशू माझा मुलगा, त्याचं लग्न माघात ठरलं होतं. "मी एकटा येईन. पण नूतनने न आलेलं बरं. ती आली की लोक तिला विचारणार, मला विचारणार. आशूच्या मांडवात तमाशा नको. तू समजावून सांग ना तिला. तुझं ऐकेल ती. सगळे तुझं ऐकतात."

"हॅलो? हॅलो, रंगा? ऐकू येत नाहीये," मी म्हटलं. त्याचा आवाज घंटेसारखा स्वच्छ येत होता. "लाइनमध्ये दोष आहे." तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी कधी खोटं बोलले नव्हते.

फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. आधी रंगाचा राग आला नाही, हे सांगून टाकते. आधी आठवलं ते माझं स्वतःचं बोलणं. आलेपाक, हार, नवरदेव बदलला आहे, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. एकेक वाक्य परत येऊन कानाशी बसत होतं. उठून तळ्यात उडी मारावी असं वाटलं, पण तळं काठाशी गुडघाभरच होतं. तिथेही फजितीच झाली असती.

चहाच्या वेळेला आम्हांला बोलावणं आलं. तळ्यावर लाकडी धक्का होता, त्यावर पांढरी चादर घातलेलं टेबल, फुलं, आणि मधोमध केक. केकवर गुलाबी साखरेने दोन नावं काढली होती, नूतन आणि श्रीरंग, आणि खाली पंचवीसचा आकडा. मॅनेजर, आचारी, दोन माळी, सगळे ओळीने उभे. नूतन धक्क्याच्या टोकाशीच थबकली.

"आज का ही दिन है न मॅडम?" मॅनेजर आर्जवाने म्हणाला. "साहब की बहुत याद आ रही होगी."

नूतन हसायला गेली. तिचा ओठ नुसताच हलला. सगळ्यांनी टाळ्यांसाठी हात उचलले होते.

"ताली नहीं बजाने का!" मी ओरडले. माझं हिंदी हे असं आहे. "केक हम खायेंगे. लेकिन ताली नहीं. और सब लोग जाने का. केक बहुत अच्छा है. थँक यू."

माणसं बावरून पांगली. मी सुरी घेतली आणि श्रीरंग हे नाव असलेला तुकडा आधी कापून एका बशीत घालून बाजूला सारला. मग नूतनसाठी कापला, मग माझ्यासाठी. आम्ही बसलो. चहा ओतला. दोघींपैकी कुणीही केकला हात लावला नाही.

"त्याचा फोन आला ना?" नूतन म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"मघापासून तुम्ही गप्प आहात."

मी मान खाली घातली. "मला सांगितलं का नाहीस गं?"

"सांगायलाच तर आणलं तुम्हाला." तिने चमचा उचलून पुन्हा ठेवला. "जयपूरला सुरुवात केली, तर तुम्ही पोपट दाखवलात. किल्ल्यात बसून राहिले, म्हटलं येऊन बसाल शेजारी, तर तुम्ही गाइडला पळवून लावायला गेलात. गाडीत म्हटलं, आधी त्याचा विषय काढावा, मग हळूच सांगावं. तुम्ही गोवरापासून सुरू केलंत, वहिनी. गोवरापासून!"

आणि ती हसायला लागली. मलाही हसू फुटलं. हसता हसता तिने रुमाल डोळ्यांना लावला आणि तो खाली आलाच नाही. मी खुर्ची सरकवून तिच्याजवळ नेली. पाठीवर हात ठेवावा की नाही हे कळेना. पंचवीस वर्षांत कधी ठेवला नव्हता.

"पुण्यात सगळ्यांना माहीत आहे," ती मग म्हणाली. "ऑफिसात, बिल्डिंगमध्ये. त्याचं काही वाटत नाही. हॉटेलवाल्यांना फोन करून ते ॲनिव्हर्सरीचं काढायला सांगायचं, तेवढं मात्र जमलं नाही. काय कारण सांगायचं? आणि सासरी कुणाला सांगायचं म्हटलं की तुमचाच चेहरा समोर यायचा. तुम्ही त्याला वाढवलंत. मला वाटायचं, वहिनी म्हणाल्या, 'नूतन, तुझंच काही कमी पडलं असेल,' तर मी ते खरं मानीन. मग जन्मभर तेच धरून बसेन."

खोटं कशाला सांगू? अगदी तेच वाक्य मघाशी दगडावर बसल्या बसल्या माझ्या मनात येऊन गेलं होतं. ही सारखी कामात, हिला स्वयंपाकाचा कंटाळा, हिने माझ्या रंगाकडे बघितलं नसेल. सगळी यादी तयार होती. पण त्या चार दिवसांत हिच्याशेजारी बसून मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, आणि मी कसला निवाडा करायला निघाले होते?

"काय म्हणाला तो?" तिने विचारलं.

"आशूच्या लग्नाला तू येऊ नयेस म्हणाला."

तिने आपली बशी दूर सारली. "बरोबर आहे," म्हणाली. "तुम्हाला अवघड होईल. नाही येणार मी."

मी फोन उचलला. रंगाला लावला आणि मोठ्या आवाजाचं ते बटण दाबलं. दोनदा चुकीचं बटण दाबलं, तिसऱ्यांदा लागलं.

"बोल वहिनी. बोललीस तिच्याशी?"

"बोलले. आशूच्या लग्नाला नूतन येणार आहे. सीमांतपूजनापासून येईल. तू ये किंवा येऊ नकोस. यायचं तर एकटा ये."

"अगं पण वहिनी, मी तुला काय सांगितलं—"

"ऐकू आलं होतं मला सगळं. लाइनमध्ये दोष नव्हता."

तो जे बोलला ते लहान आवाजात. "तू माझी वहिनी आहेस की तिची?"

गुडघे फुटलेला तो मुलगा डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि मी पटकन बोलून टाकलं, नाहीतर बोलता आलंच नसतं.

"तुझे लाड करून झालेत, रंगा. आता तिची पाळी."

त्याने फोन ठेवला. नूतन माझ्याकडे बघत होती. तिने आपल्या बशीतला केकचा तुकडा उचलला आणि खायला लागली. पूर्ण खाल्ला. मग माझ्याही बशीतला खाल्ला. त्या दिवशी सकाळपासून ती जेवली नव्हती, हेही मला तेव्हाच समजलं.

पुढे उदयपूर झालं. तिथे आम्ही काहीच पाहिलं नाही. पाण्याच्या काठी बसून होतो आणि ती बोलत होती. मी फक्त ऐकत होते. माझ्यासारखीला ते किती कठीण, हे मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. मध्ये एक हत्ती गेला, तरी मी तोंड उघडलं नाही.

लग्नाला नूतन आली. आजेसासूबाईंच्या नात्यातल्या एका म्हातारीने तिला, "श्रीरंग कुठाय गं?" असं विचारलं, तेव्हा तिने "बाणेरला" असं सरळ उत्तर दिलं, आणि म्हातारीला बाणेर कुठे ते माहीत नसल्यामुळे विषय तिथेच संपला. रंगाही आला. अक्षता टाकल्या, भावाला भेटला, माझ्या पाया पडला आणि जेवायला न थांबता गेला. आमचे हे पुष्कळ दिवस माझ्याशी तुटक वागत होते. "तुझ्यामुळे भाऊ लांब गेला," म्हणाले. मी वाद घातला नाही, कारण ते खरंच होतं.

याला आता बरीच वर्षं झाली. रंगाचं आणि अपर्णाचं बरं चाललं आहे म्हणतात. दिवाळीला त्याचा फोन येतो. "बरी आहेस ना वहिनी?" "बरी आहे." "दादा?" "तेही." एवढ्यावर संपतो. नूतन आणि मी दर हिवाळ्यात कुठेतरी जातो. घाईगर्दी नाही, सगळं निवांत. मी आता उशीही बिनचूक निवडते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही कूर्गला होतो. कॉफीच्या मळ्यातला बंगला, समोर धुकं. सकाळी व्हरांड्यात बसलो होतो, आणि कशावरून कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांत मी हे तिच्यापाशी कधी बोलले नव्हते.

"मला त्याची फार आठवण येते गं, नूतन."

तिने शालीची घडी नीट केली. खाली मळ्यात बायका कॉफीची फळं तोडत होत्या.

"मलाही," ती म्हणाली, आणि आतल्या माणसाला हाक मारून आम्हां दोघींसाठी आणखी कॉफी मागवली.